माझ्याजवळ आहे

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जर्मन भाषा राहायला आली. आली ती नातीबरोबर. नातीची नर्सिंगची पदवी झाली आहे आणि तिला जर्मनीतल्या रुग्णालयात नोकरीला जायचे आहे. त्यासाठी आधी तिकडच्या भाषेच्या परीक्षा द्याव्या लागतात. शिकवणी पुण्यात आणि मुक्काम आजी-आजोबांकडे असा बेत ठरला. त्यामुळे सकाळी ज्या वेळी या घरात पूर्वी फक्त दूधवाल्याची घंटा आणि माझा खोकला ऐकू येत असे, त्या वेळी आता 'इश् हाबे, दू हास्ट, एर हाट' अशी घोकंपट्टी चालते. लहानपणी आम्ही 'रामः रामौ रामाः' घोकत असू तेव्हा ओसरीवर बसलेल्या आजोबांची मान हळूहळू डोलू लागे. आता माझी डोलते. पुढे पुढे ती छातीवर येते, पण तो वयाचा भाग.

या विषयात घरात माझा अधिकार मानला जातो. १९६८ साली, कॉलेजात असताना, मी जर्मन शिकू लागलो आणि पुढे तेहतीस वर्षे तीच भाषा शिकवून पोट भरले. विद्वान मात्र मी नव्हे. मी मास्तर. मास्तराजवळ उत्तरे तयार असतात, आणि तीच त्याची अडचण असते, हे मला या पावसाळ्यात कळले.

एके दिवशी सकाळी नात एक कागद घेऊन माझ्यापुढे बसली.

"आजोबा, 'हाबेन'ला मराठीत नेमका शब्द सांगा ना."

"असणे," मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो.

"असणे म्हणजे 'झाइन'. ते वेगळं. 'हाबेन' म्हणजे इंग्रजीतलं 'हॅव'. मला त्याला एक क्रियापद हवंय."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. स्वयंपाकघरातून तिच्या आजीने, कोणी विचारले नसताना, 'बाळगणे' असा शब्द फेकला. नातीने तो कागदावरच्या पहिल्याच वाक्याला लावून पाहिला. 'मी एक भाऊ बाळगतो.' हे ऐकून खुद्द आजीलाच हसू आले. भाऊ काय कुत्रा आहे?

मग आम्ही तिघांनी मिळून तो कागद सोडवला. जर्मनमध्ये दहाही वाक्यांत एकच 'हाबेन' होते. मराठीत काय झाले पाहा. मला एक भाऊ आहे. माझ्याजवळ छत्री आहे. आमच्याकडे गाडी आहे. त्याचे दुकान आहे. तिचे डोळे निळे आहेत. तुझे बरोबर आहे. मला ताप आला आहे. मला भूक लागली आहे. मला भीती वाटते. भावाला 'मला', छत्रीला 'माझ्याजवळ', गाडीला 'आमच्याकडे'; आणि यांतला एकही फेरफार खपत नाही. 'माझ्याजवळ एक भाऊ आहे' म्हटले की तो भाऊ आपण खिशातून काढून दाखवणार असे वाटते. भूक ही जर्मन माणसाच्या मालकीची वस्तू आहे. आपल्याला ती लागते, ठेच लागावी तशी. ताप येतो, पाहुण्यासारखा, आणि पाहुण्यासारखाच केव्हा जाईल ते सांगत नाही.

"म्हणजे आपल्याकडे हा शब्दच नाही?" नातीने विचारले. तिच्या स्वरात थोडी कीव होती.

नाही. मराठीत नाही, हिंदीत नाही, संस्कृतातही नाही. संस्कृतात 'मम पुत्रः अस्ति', माझा पुत्र आहे, एवढ्यावर काम भागते. छत्री आहे. कुठे? माझ्याजवळ. उद्या ती बसमध्ये राहिली तरी ती असतेच, फक्त माझ्याजवळ नसते. वाक्यात मान छत्रीला, क्रियापद तिच्या तालावर चालणार, आणि मालक म्हणवणारा माणूस बाजूला एखाद्या प्रत्ययाला टेकून उभा. कीव करण्याचे मात्र कारण नाही. रशियन माणूस 'माझ्यापाशी आहे' म्हणतो, आयर्लंडचा मूळ आयरिश बोलणारा तसेच म्हणतो, तुर्की आणि हंगेरियन यांचीही तीच गत. खुद्द जुन्या लॅटिनमध्ये 'मला पुस्तक आहे' अशी थेट आपल्या वळणाची रचना होती. बेन्वेनिस्त नावाच्या थोर फ्रेंच भाषापंडिताने १९६० साली 'असणे' आणि 'हॅव' यांवर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की 'हॅव' हे क्रियापद जगात विरळाच आढळते आणि ते दुसरेतिसरे काही नसून उलटे फिरवलेले 'मला आहे'च आहे. आपण मुळाशी आहोत, फिरले ते लोक.

इंग्रजीत श्रीमंतांना आणि गरिबांना या 'हॅव'वरूनच नावे पडली. ती मराठीत आणायची वेळ आली तेव्हा आपल्या लेखकांनी काय केले? 'आहे रे' आणि 'नाही रे'. मला हा मराठीतला एक फार सुंदर अनुवाद वाटतो. मूळ शब्दात मुठीचा वास आहे. 'आहे रे'त तो नाही, आणि 'नाही रे'तला तो 'रे' तर थेट काळजाला हात घालतो. मुठीचा वास असे का म्हणालो ते पुढे येईलच.

तर असा विजय मिळवल्यावर मला थांबायला हवे होते. पण मास्तर थांबत नाही. मी नातीला म्हणालो, "आता या हाबेनचं कुळ सांगतो. जर्मन 'हाबेन', इंग्रजी 'हॅव', आणि लॅटिन 'हबेरे'. तिघांचा अर्थ एकच. सख्खी भावंडं आहेत. कानालाच कळतं." प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या महिन्यात मी हेच सांगत आलो होतो. मुलांना ते आवडे. परक्या भाषेच्या दारात उभे असताना ओळखीचा चेहरा दिसला की बरे वाटते.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी तिला ग्रिमचा नियम शिकवत होतो. परीक्षेला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण शब्द लक्षात राहायला होतो. ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला, याकोब. १८२२ साली आपल्या जर्मन व्याकरणात त्याने दाखवून दिले की लॅटिन, ग्रीक, संस्कृत यांतली व्यंजने जर्मन कुळातल्या भाषांत लहर लागेल तशी बदलत नाहीत, शिस्तीने बदलतात. (रास्क या डेन्मार्कच्या पंडिताने यातले पुष्कळसे चार वर्षे आधीच छापले होते, पण परीकथा त्याने लिहिल्या नाहीत, म्हणून नाव ग्रिमचे झाले असावे, असा माझा आपला तर्क.) 'प'चा 'फ' होतो: पितृ, फाटर. 'त'चा 'थ': त्रि, इंग्रजीत थ्री. आणि 'क'चा 'ह': लॅटिन 'कोर्नु' म्हणजे शिंग, ते 'हॉर्न', 'केन्तुम्' म्हणजे शंभर, ते 'हुंडर्ट'.

तिसऱ्या दिवशी नात वही उघडून म्हणाली, "आजोबा, लॅटिनच्या 'क'चा जर्मनमध्ये 'ह' होतो. मग लॅटिनच्या 'ह'चं काय होतं?"

"ग," मी म्हणालो. "काल या शब्दाला लॅटिनमध्ये 'हेरी', जर्मनमध्ये 'गेस्टर्न', आपल्या संस्कृतात 'ह्यः'. आपला हंस तो त्यांचा 'गान्स', म्हणजे बदक. बदकापेक्षा थोडा मोठा."

"मग 'हबेरे'चा जर्मन भाऊ 'ग'नं सुरू व्हायला हवा. 'हाबेन' तर 'ह'नं होतो. सख्खे कसे?"

चहाचा कप माझ्या हातात होता. तो मी बशीत ठेवला. तेहतीस वर्षे, दर वर्षी दोन वर्ग, वर्गात पंचवीस-तीस मुले. त्यांतल्या एकालाही हा प्रश्न पडला नाही याचे मला वाईट वाटावे की मलाच पडला नाही याचे? प्रश्न अवघड होता असेही नाही. दोन्ही गोष्टी मीच फळ्यावर लिहीत होतो. एक जुलैत आणि दुसरी डिसेंबरात. मध्ये दिवाळीची सुट्टी.

"पाहून सांगतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा उच्चारले आहे.

पाहायचे कुठे ते मला ठाऊक होते. माळ्यावरच्या ट्रंकेत एक जाडजूड ग्रंथ होता. जर्मन शब्दांचा व्युत्पत्तिकोश, क्लूगे नावाच्या पंडिताचा. हा कोश पहिल्यांदा १८८३ साली निघाला आणि पुढचे संपादक तो सुधारून सुधारून काढत राहिले. २०११ साली पंचविसावी आवृत्ती निघाली. आपल्याकडे कृ. पां. कुलकर्ण्यांच्या मराठी व्युत्पत्तिकोशाला जे स्थान, ते तिकडे याला. माझ्याजवळची प्रत पुष्कळ जुनी, पाठीचे कापड सुटलेले. हा कोश मी तारुण्यात किती वेळा उघडला असेन! पण नेहमी अवघड, दुर्मिळ, वर्गात चमकायला उपयोगी पडतील अशा शब्दांसाठी. 'हाबेन' कोण काढून बघतो? घरातल्या माणसाचा पत्ता कोणी विचारतो का?

नातीने ट्रंक खाली काढून दिली. तिनेच धूळ पुसली, तिनेच पान काढले. छापील मजकुराशेजारी समासात, शिसपेन्सिलीने, बारीक आणि उभट मराठी अक्षरात लिहिले होते: 'फसू नये. हबेरे वेगळे. कपेरे पाहावे.'

अक्षर सरांचे होते. नातीने तोपर्यंत पहिले पान उलटले होते. तिथे सरांची सही होती.

"आजोबा, हे पुस्तक तुमचं नाही?"

"माझ्याजवळ आहे," मी म्हणालो.

सकाळी कागद सोडवताना ज्या भेदाचे आम्ही एवढे कौतुक केले होते, तो आता माझ्याच अंगावर आला. सरांनी मला हा कोश १९६९ साली दिला होता. वाचायला. "झाला की आणून दे," एवढेच म्हणाले होते. व्युत्पत्तिकोश वाचून कधी 'होतो' का, अशी पळवाट मी तेव्हा मनाशी काढली असावी. मग नोकरीसाठी परगावी गेलो, लग्न झाले, बिऱ्हाडे बदलली. प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर ट्रंक हलली आणि ट्रंकेबरोबर कोश. सर गेले तेव्हा मी भेटायला गेलो होतो. रिकाम्या हाताने.

त्या रात्री मी झोपलो नाही, सरांनी सांगितलेले 'कपेरे' पाहत बसलो. आजचे भाषापंडितही तेच सांगतात. लॅटिन 'कपेरे' म्हणजे पकडणे, धरणे. या घराण्याची माणसे आपल्याही ओळखीची आहेत: क्रिकेटमधला 'कॅच' त्यातलाच, बँकेतली 'रिसीट' त्यातलीच, आणि युद्धकैदी या अर्थाचा इंग्रजी 'कॅप्टिव्ह'ही. 'हाबेन' आणि 'हॅव' मुळात या घरचे. म्हणजे 'माझ्याजवळ आहे' असे शांतपणे सांगणारा हा शब्द एके काळी झडप घालत होता. पकडले, मग धरून ठेवले, मग नुसतेच 'आहे' म्हणू लागला. जर्मन कुळातले हे क्रियापद घडले तेच मुळी स्थिती दाखवणारा प्रत्यय लागून. मराठीत ज्याला आपण 'धरून असणे' म्हणू, नेमके तसे. त्याचा सख्खा भाऊ 'हेबेन', इंग्रजीत 'हीव्ह', म्हणजे उचलणे. तो अजून हाताने काम करतो. हाबेन गादीवर बसला.

ही गोष्ट फार जुनी. जर्मन कुळातला सर्वांत जुना मोठा ग्रंथ म्हणजे चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने गॉथिक भाषेत केलेले बायबलचे भाषांतर. त्याची सहाव्या शतकातली एक प्रत स्वीडनमध्ये उप्साला येथे जपून ठेवलेली आहे. जांभळ्या रंगवलेल्या चामड्यावर चांदीच्या शाईने लिहिलेली. त्यात 'हबन' आहे आणि उचलण्याचा 'हफ्यन'ही आहे. तोवर मूठ मिटून झालेली होती.

आणि जर्मनांनाच दोष द्यायला नको. जिथे जिथे 'हॅव'सारखे क्रियापद झाले तिथे बहुधा असेच झाले. स्पॅनिश माणूस 'तेनेर' म्हणतो, त्याचा मूळ अर्थ धरणे. स्लाव्ह भाषांतला शब्द घेण्यावरून आलेला. ग्रीकांचा 'एखो' तर आपल्या 'सह्' धातूचा सख्खा. वेदांत त्याचा अर्थ जिंकणे, नमवणे, आणि पुढे सोसणे. ग्रीकांजवळ जे 'आहे', ते आपण 'सहन' करतो! सौ.ला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यात नवीन काय?"

एक गाठ मात्र सुटत नव्हती. ग्रिमच्या नियमाने 'प'चा 'फ' व्हायला हवा. कपेरेच्या 'प'चा हाबेनमध्ये 'ब' कसा झाला? नात हेच विचारणार हे उघड होते, म्हणून मी आधीच तयारी केली. ही गाठ सोडवली कार्ल वेर्नर या डेन्मार्कच्या तरुणाने, १८७७ साली छापून आलेल्या निबंधात. त्याने स्वतः सांगितलेली हकीगत अशी की दुपारची वामकुक्षी घ्यायची म्हणून त्याने झोप यावी अशा बेताने एक पुस्तक हाती घेतले. पुस्तक होते बोपचे तौलनिक व्याकरण. पान उघडले ते संस्कृत 'पिता' आणि 'भ्राता' यांचे, स्वरचिन्हांसकट. वैदिक उच्चारात 'पिता'चा उदात्त शेवटच्या अक्षरावर, 'भ्राता'चा पहिल्या अक्षरावर. आणि जर्मन कुळात नेमकी याच दोन शब्दांतल्या 'त'ची वाट निरनिराळी झालेली! आज जर्मनमध्ये 'फाटर' पण 'ब्रूडर' आहे, ते त्यामुळेच. आघात पुढे असेल तर आधीचे व्यंजन मऊ पडते. झोप कुठली यायला!

'सप्त'चेही तसेच. वेदांत त्याचा उदात्त शेवटी, म्हणून 'प' मऊ होऊन जर्मनमध्ये 'झीबेन', इंग्रजीत 'सेव्हन'. आता शेजारी ठेवून पाहा: झीबेन, हाबेन, सेव्हन, हॅव. जर्मन लोक आपला आघात हजारो वर्षांपूर्वी कुठे होता ते विसरून गेले होते. ती खूण राहिली आपल्याकडे, ज्यांना जर्मनी कुठे आहे हे ठाऊक नव्हते अशा वेदपाठी ब्राह्मणांच्या मानेच्या हेलकाव्यात. माझे आजोबा ओसरीवर मान डोलवत होते ती उगीच नव्हे.

मग राहता राहिला तो 'हबेरे', ज्याला मी तेहतीस वर्षे भलत्या घरी नेऊन बसवले. त्याचा जर्मन भाऊ 'ग'नेच सुरू होतो, नातीने म्हटल्याप्रमाणे. तो कोण? 'गेबेन', इंग्रजीत 'गिव्ह'. देणे! बहुतेक पंडित असे मानतात की लॅटिनमध्ये जे 'जवळ असणे' झाले, तेच जर्मनीत 'देणे' झाले. दोघेही एका हातातून निघाले. एकाने मूठ मिटली, एकाने उघडली. हे ऐकून अचंबा वाटेल, पण आपल्या घरातच बघा: 'दा' म्हणजे देणे आणि 'आ-दा' म्हणजे घेणे. दान आणि आदान. आशिया मायनरमधल्या जुन्या हित्ती भाषेत तर हाच 'दा' कोणताही उपसर्ग न लावता घेण्याच्या अर्थी वापरत.

पहाटे पहाटे माझ्या हाती आणखी एक शब्द लागला आणि मग मात्र पुस्तक मिटून ठेवावे लागले. जर्मन कुळात मालकीचे खरे जुने क्रियापद दुसरेच होते. गॉथिकमध्ये 'ऐगन'. त्यावरून जर्मन 'आयगेन' म्हणजे स्वतःचा, आणि इंग्रजी 'ओन'. आइसलँडच्या लोकांनी ते अजून सांभाळले आहे: भाऊ असेल तर ते हे जुने क्रियापद वापरतात, आणि पुस्तक नुसते जवळ असेल तर 'मी पुस्तकासह आहे' म्हणतात. आमचा सकाळचा कागद त्यांनी आम्हांहून झटकन सोडवला असता. या 'ऐगन'चा संस्कृत भाऊ कोण? 'ईश्'. सत्ता असणे, धनी असणे. ईश, ईशान, ईश्वर सारे त्यातले. ईशावास्य उपनिषदाच्या नावातला ईश तोच. जगात खरोखर 'ओन' करणारा कोण, हे आपल्या लोकांनी नावातच सांगून ठेवले.

पण मी पुस्तक मिटले ते त्यामुळे नव्हे. इंग्रजीत त्याच क्रियापदाला पुढे दुसरा फाटा फुटला. 'माझ्याकडे द्यायचे आहे' अशा वापरातून 'धनी असणे'चा अर्थ झाला 'देणे लागणे', तो 'ओ'. आणि त्याचा भूतकाळ म्हणजे 'ऑट'. करायला हवे होते. शाळेपासून हा 'ऑट' आपण शिकतो; तो कर्जदाराचा शब्द आहे हे मला छप्पन वर्षे उशिरा कळले, आणि तेही सावकाराच्याच पुस्तकाने कळवले.

सरांचे घर अजून आहे. पेठेतला वाडा जाऊन तिथे इमारत झाली आहे, पण जागा तीच. सरांची मुलगी तिथे राहते. मी शिकायला जात असे तेव्हा ती परकरी पोर होती, जिन्यावर सागरगोटे खेळत असे. आता सत्तरीच्या घरात आहे. नातीला बरोबर घेऊन गेलो. कोश नव्या कापडी पिशवीत घातला होता, जणू पिशवीने काही भरून निघणार होते.

"ताई, सरांचं एक पुस्तक माझ्याकडे राहिलं होतं," मी म्हणालो. एवढे वाक्य मी रिक्षात चारदा घोकले होते.

त्यांनी कोश हातात घेतला, मागची सुटलेली पाठ तळहाताने दाबून बसवली आणि काही न बोलता आत गेल्या. मला वाटले, संपले. त्या परत आल्या त्या एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही घेऊन. वाण्याकडे असते तशी.

"बाबा लिहून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, एकेकाला पत्र टाका. ते म्हणायचे, आठवेल तेव्हा आणून देतील. कोणाला पत्र टाकलं नाही त्यांनी. शेवटच्या आजारात मात्र हे पुस्तक दोनदा मागितलं होतं. आम्ही सगळी कपाटं शोधली. वही बघायचं कोणाला सुचलं नाही."

वहीत चार रकाने आखलेले होते. पुस्तक. कोणाजवळ. केव्हा. परत. त्याच बारीक, उभट अक्षरात माझे नाव होते, 'कोणाजवळ' या शब्दाखाली. ऑगस्ट १९६९. पुढचा रकाना कोरा.

ताईंनी बॉलपेन पुढे केले. मी तारीख घातली. आजूबाजूच्या सगळ्या तारखा तपकिरी पडल्या होत्या. माझी तेवढी निळी दिसत होती. माफी मागण्यासाठी मी तोंड उघडले, पण त्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. नात कोश मांडीवर घेऊन 'हाबेन'चे पान पुन्हा काढून बसली होती आणि समासातली ती ओळ त्यांना वाचून दाखवत होती. ताईंनी चष्मा लावला. बापाचे अक्षर त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"जर्मन शिकतेस का तू?" त्यांनी विचारले. "लागेल मग तुला अजून हे."

नात माझ्याकडे बघू लागली. मी खिडकीबाहेर बघू लागलो. ताईंनी वही तिच्यापुढे सरकवली. तिने पुस्तकाचे नाव लिहिले, 'कोणाजवळ'खाली स्वतःचे नाव लिहिले, 'केव्हा'मध्ये तारीख घातली.

"जाण्याआधी मात्र आणून दे हो," ताई म्हणाल्या. "तिकडे घेऊन जाऊ नकोस." आणि चहा ठेवायला आत गेल्या.